कॅन्सर टिश्यू बँक: थिएटरपासून नायट्रोजनच्या टाकीपर्यंत नमुना कसा न्यायचा

टिश्यू बँकेतला, म्हणजे संशोधनासाठी रुग्णांच्या गाठींचे तुकडे आणि रक्त गोठवून जपणाऱ्या बँकेतला, नमुना वाईट निघाला की पहिला संशय फ्रीझरवर जातो. वीज गेली असेल, दार नीट लागलं नसेल, टाकीतला नायट्रोजन खाली गेला असेल. कधीकधी तसं होतंही. पण आरएनएचा (पेशीतला, डीएनएपेक्षा नाजूक रेणू) भुगा झालेला, लेबल गळून पडलेलं, गाठ म्हणून ठेवलेल्या व्हायलमध्ये (नमुन्याच्या छोट्या बाटलीत) नुसती चरबी, या नेहमीच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा नमुना गोठण्याआधीच्या तासाभरात असतं. त्या तासात तो पाच-सहा जणांच्या हातांतून जातो आणि त्यातले निम्मे हात बँकेचे नसतात. म्हणून इथे फ्रीझरपेक्षा त्या तासाला जास्त जागा दिली आहे.

टाटा मेमोरियल किंवा आयआयटी मद्रासची राष्ट्रीय कॅन्सर टिश्यू बायोबँक यांचा व्याप मोठा. इथे डोळ्यांपुढे आहे ते मधल्या आकाराचं कॅन्सर रुग्णालय: एक पॅथॉलॉजिस्ट, दोन तंत्रज्ञ, एक समन्वयक, एक उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि नायट्रोजनची एक टाकी. एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे असं धरलं आहे. ती नसेल तर पुढचं काहीच सुरू करू नका.

## १. माणसं आणि त्यांची कामं

कामं पदावर नको, नावावर वाटा. ‘तंत्रज्ञ नमुना आणेल’ असं लिहिलं की दोघांपैकी प्रत्येकाला दुसरा गेलाय असं वाटतं. आठवड्याच्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर एक नाव आणि एक पर्यायी नाव हवं.

समन्वयक: ऑपरेशनची यादी तपासणं, रुग्णाशी बोलणं, संमतीपत्र, आणि ऑपरेशननंतर रुग्णाची पुढची माहिती मिळवत राहणं.

पहिला तंत्रज्ञ: थिएटरच्या दारात नमुना ताब्यात घेणं, वेळा लिहिणं, ग्रॉसिंग टेबलापर्यंत (पॅथॉलॉजीत नमुना मापून कापायचं टेबल) नेणं.

दुसरा तंत्रज्ञ: गोठवण्याची तयारी, रक्त, लेबलं, टाकीतली जागा. पहिला थिएटरबाहेर उभा असताना याचं आयसोपेंटेन (तुकडा ज्यात गोठवायचा तो द्रव) थंड झालेलं असायला हवं.

पॅथॉलॉजिस्ट किंवा त्यांनी नेमलेला रेसिडेंट: कुठून कापायचं आणि कापायचं की नाही, हे ठरवणं. या दोघांखेरीज हे काम कुणालाही उतरवून देता येत नाही. तंत्रज्ञाचा हात कितीही बसलेला असला तरी गाठीवर पहिली सुरी त्या दोघांपैकी एकाची.

सर्जन बँकेच्या पगारपत्रकावर नसतात, थिएटरच्या सिस्टर आणि नमुना पोचवणारे मामाही नसतात. तरी त्यांच्यापैकी कुणी एकानेही गाठ सवयीने फॉर्मालिनच्या (तपासणीसाठी नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) डब्यात टाकली की त्या दिवसाचं काम संपलं. थिएटरमधली पाळी बदलते, माणसं बदलतात. तेव्हा दर महिन्याला तिथे जाऊन पंधरा मिनिटांत पुन्हा समजावून सांगणं हेही तक्त्यात नावानिशी लिहा.

नमुन्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाची हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली हवी. ताजी गाठ म्हणजे न मारलेला संसर्ग. गोठवल्याने विषाणू मरत नाहीत, उलट जपले जातात.

## २. संमती: आदल्या दिवशी, वॉर्डात, बसून

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं या कामाचा आधार आहेत. त्यांत बायोबँकिंगवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली मूळ भूमिका अशी: नमुन्याचा मालक रुग्ण, बँक फक्त सांभाळणारी.

ऑपरेशनच्या संमतीपत्रात ‘काढलेला भाग संशोधनासाठी वापरला जाऊ शकतो’ अशी एक ओळ घुसवून काम भागत नाही. टिश्यू बँकेचं संमतीपत्र वेगळं हवं, रुग्णाला समजणाऱ्या भाषेत हवं आणि त्यावर आधी बोलणं झालेलं हवं. बोलायचं कसं, त्याचा एक नमुना:

‘मावशी, उद्या ऑपरेशनमध्ये डॉक्टर गाठ काढणारच आहेत. ती तपासायला जाईल. तपासणीला लागेल तेवढी घेऊन उरली, तर त्यातला हरभऱ्याएवढा तुकडा आणि थोडं रक्त आम्ही संशोधनासाठी जपून ठेवू का, एवढंच विचारायला आलेय. त्यासाठी जास्तीचं काही कापणार नाही, पैसेही लागणार नाहीत. यातून तुमच्या आजारावर लगेच काही औषध निघेल असं मात्र नाही. नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही. आणि आज हो म्हणून पुढे कधी मन बदललं, तरी सांगा.’

एवढं बोलून थांबा. पुढचा प्रश्न रुग्णाकडून येऊ द्या. बहुतेक वेळा उत्तर मुलगा किंवा जावई देतो. त्याचं ऐकून घ्या, पण सही रुग्णाची हवी. लिहिता-वाचता येत नसेल तर पूर्ण कागद वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि बँकेशी किंवा उपचार करणाऱ्या चमूशी संबंध नसलेल्या त्रयस्थ साक्षीदाराची सही घ्या. वॉर्डातली सिस्टर हा त्रयस्थ साक्षीदार नव्हे.

संमतीपत्रावर पर्याय वेगवेगळे विचारा: फक्त कॅन्सरवरच्या संशोधनासाठी की कोणत्याही, आनुवंशिक तपासण्या चालतील का, नमुना देशाबाहेर गेला तर चालेल का, पुढे संपर्क केला तर चालेल का. हे पर्याय सॉफ्टवेअरमध्येही जसेच्या तसे गेले पाहिजेत. एका रुग्णाने परदेशाला ‘नाही’ म्हटलं आहे, हे कागदावर आहे आणि संगणकात नाही, तर तीन वर्षांनी तो नमुना बिनदिक्कत बाहेर जाईल.

लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेतली तरी ते मूल १८ वर्षांचं झालं की त्याला पुन्हा विचारावं लागतं. ती तारीख संमती घेतानाच प्रणालीत टाका.

सावधान: ट्रॉलीवर, भुलीचं पूर्वऔषध दिल्यावर किंवा थिएटरच्या दारात घेतलेली सही ही संमती नव्हे. ती राहून गेली असेल तर तो नमुना सोडून द्या.

तपासा: सही, तारीख, वेळ, चारही पर्यायांवर खूण, आणि संमतीपत्राची प्रत रुग्णाच्या हातात.

## ३. आदल्या संध्याकाळची तयारी

यादी हातात आली की आधी गाळणी लावा. पुढील नमुने बँकेसाठी धरूच नका:

- आधी केमोथेरपी किंवा रेडिएशन झालं आहे आणि गाठ जवळजवळ विरली आहे. अशा वेळी उरलेला आजार किती, हे ठरवायला पॅथॉलॉजिस्टना तो सगळा भाग लागतो.
- गाठ १ सेंमीपेक्षा लहान.
- थायरॉइडची कवच असलेली गाठ. कवच कुठे फुटलं आहे का यावरच निदान ठरतं, त्यामुळे ते अखंड तपासावं लागतं.
- त्वचेवरचा लहान मेलॅनोमा. त्याची जाडी मोजायची असते.

उरलेल्या प्रत्येक रुग्णासाठी एक संच भरून ठेवा: २ मिलिच्या चार-पाच क्रायोव्हायल, ओसीटीचा (गोठताना तुकड्याला धरून ठेवणाऱ्या जेलचा) साचा, फॉर्मालिनची लहान बाटली, तीन नवी ब्लेडं, दोन चिमटे, गॉझ, वेळांचा कागद आणि ‘ताजा नमुना, फॉर्मालिन घालू नये’ असं ठळक मराठीत छापलेली पिशवी.

लेबलं आदल्या दिवशीच छापा आणि कोरड्या, नेहमीच्या तापमानाच्या व्हायलवर चिकटवून टाका. हिमाचा थर आलेल्या व्हायलवर कोणतंच लेबल चिकटत नाही, ते चिकटल्यासारखं दिसतं आणि टाकीच्या तळाशी जाऊन पडतं. लेबल नायट्रोजनचं तापमान सोसणारं, व्हायलभोवती पूर्ण फिरून स्वतःवर चिकटणारं असावं. मार्करची शाई आयसोपेंटेन आणि अल्कोहोलने धुऊन निघते. लेबलवर रुग्णाचं नाव किंवा केसपेपर क्रमांक नको, फक्त बँकेचा कोड, नमुन्याचा प्रकार, तारीख आणि बारकोड.

## ४. थिएटरच्या दारात

चार वेळा लिहायच्या आहेत, प्रत्येक एकाच घड्याळावरून:

1. गाठीचा मुख्य रक्तपुरवठा बांधला ती वेळ
2. गाठ शरीराबाहेर आली ती वेळ
3. ग्रॉसिंग टेबलावर पोचली ती वेळ
4. तुकडा गोठला ती वेळ

पहिल्या दोन वेळांमधलं अंतर आपल्या हातात नसतं, ऑपरेशन जसं चालेल तसं चालेल. ते फक्त नोंदवायचं. दुसरी ते चौथी हे अंतर मात्र पूर्णपणे बँकेचं. लक्ष्य ३० मिनिटं, फार तर ६०. डीएनए बराच टिकाऊ असतो. आरएनए आणि प्रथिनांवरच्या फॉस्फेटच्या खुणा रक्तपुरवठा तुटल्यापासून काही मिनिटांतच बदलायला लागतात. ६० मिनिटं उलटली म्हणून नमुना फेकू नका, खरी वेळ लिहा आणि तशी खूण करून ठेवा. डीएनएच्या कामाला तो चालेल. ‘३० मिनिटं’ असं अंदाजाने लिहिलेला ७० मिनिटांचा नमुना मात्र कुणाच्याच कामाचा नाही आणि तो ओळखूही येत नाही. वेळांच्या कागदावर सगळ्याच नोंदी गोल दिसायला लागल्या, १०.३०, ११.००, ११.३०, की समजावं, कागद संध्याकाळी एका बैठकीत भरला जातोय.

पहिल्या दोन वेळा फिरत्या सिस्टरकडून मिळतात. त्यांना वेगळा कागद देऊ नका, त्यांच्याकडे आधीच पुष्कळ कागद आहेत. थिएटरमधल्या फळ्यावर दोन रकाने आखून घ्या आणि तिथून उतरवून घ्या.

नमुना कोरड्या स्वच्छ पिशवीत, पिशवी झाकणाच्या डब्यात, डबा बर्फात. गाठ सलाइनमध्ये बुडवू नका, पेशी पाणी शोषून फुगतात. फार तर सलाइनने ओलसर केलेलं गॉझ वर घाला. गाठीला बर्फ थेट लागला तर कडा हळूहळू गोठते, आणि हळू गोठलेल्या भागात बर्फाचे मोठे स्फटिक होऊन पेशी फाटतात.

लिफ्टची वाट बघण्यात जाणारी मिनिटं मोजा. ओपीडीच्या वेळेत एकाच लिफ्टला दहा-बारा मिनिटं लागत असतील तर जिन्याने जा.

तपासा: पिशवीवरचं नाव, केसपेपर क्रमांक, बाजू (डावी/उजवी) आणि पॅथॉलॉजीचा अर्ज जुळतोय का. न जुळल्यास तिथेच थांबून सर्जनकडून खात्री करून घ्या. टेबलावर पोचल्यावर शंका काढली तर वेळ गेलेली असते.

## ५. ग्रॉसिंग टेबल

तुकडा आधी रुग्णाच्या निदानाचा, उरला तर बँकेचा. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. प्रश्न येतो तो ‘उरला’ म्हणजे नेमका कुठला, हे ठरवताना.

क्रम असा ठेवा: नमुना मापा, फोटो घ्या, कडांना शाई लावा, शाई सुकू द्या, मग काप घ्या. शाईआधी काप घेतला तर खरी कड कोणती आणि आपण केलेली कोणती, ते पुढे कुणालाच सांगता येणार नाही. ‘कड मोकळी आहे का’ यावर रुग्णाचं पुढचं रेडिएशन ठरतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त येणारा नमुना घेऊ: तंबाखू-गुटख्यामुळे झालेला गालाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर, अनेकदा जबड्याच्या हाडासकट. एजेसीसीच्या, म्हणजे कॅन्सरच्या स्टेज ठरवणाऱ्या अमेरिकन समितीच्या, नियमांच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कॅन्सरची टी-स्टेज (मूळ गाठीची स्टेज) गाठीच्या रुंदीबरोबरच ती किती खोल गेली आहे यावरही ठरते, आणि ५ मिमी व १० मिमी या दोन रेषा महत्त्वाच्या आहेत. म्हणजे सर्वांत खोल गेलेल्या जागेतला ३ मिमीचा तुकडा बँकेने नेला, तर रुग्णाची स्टेज चुकू शकते. तेव्हा:

- गाठीच्या मध्यातून एक उभा काप घ्या. सर्वांत खोल भाग दिसणारी फळी पॅथॉलॉजीची, तिला हात नाही.
- शेजारच्या फळीतून, वरची कुजलेली आणि केराटिनची पांढरट साय सोडून, खालची खोल कडही सोडून, मधला भाग घ्या. तो करडा-पांढरा, घट्ट, किंचित दाणेदार दिसतो.
- पिवळा, लिबलिबीत, ब्लेडला चिकटणारा भाग म्हणजे कुजलेला. मोठ्या गाठीचा मध्य हमखास असा असतो.
- कडेपासून सुरक्षित अंतर ठेवा. कड आधीच जवळची असेल तर नमुना घेऊच नका.

‘नॉर्मल’ म्हणून शेजारचं अस्तर घेताना जास्त विचार करा. वर्षानुवर्षं तंबाखू आणि सुपारी धरलेल्या गालात गाठीबाहेरचं अस्तरही बदललेलं असतं, बऱ्याचदा सबम्यूकस फायब्रोसिस (अस्तराखालचा भाग कडक होणं) असतो. डोळ्यांना ते निरोगी दिसतं. म्हणून त्याला ‘नॉर्मल’ न लिहिता ‘लगतचं, गाठीबाहेरचं, इतके सेंमी दूर’ असं लिहा. रुग्णाचा जन्मजात डीएनए हवा असेल तर तो रक्तातून घ्या.

मोठ्या आतड्याच्या नमुन्यात आतडं मेसेंटरीच्या (आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या) विरुद्ध बाजूने उघडा, गार सलाइनने हलकेच धुवा, अस्तर पुसू किंवा घासू नका. गाठीचा तुकडा आतल्या, पोकळीकडच्या कडेने घ्या. सर्वांत खोल भाग इथेही पॅथॉलॉजीचाच. नॉर्मल अस्तर ५ ते १० सेंमी दूरवरून. स्तनाच्या गाठीत चरबीचा धोका मोठा, म्हणून चिमट्याने दाबून घट्टपणा पाहूनच कापा.

तुकड्याचं माप: साधारण ०.५ सेंमी प्रत्येक बाजूला, वजन १०० मिग्रॅच्या आसपास. एक मोठा तुकडा घेण्यापेक्षा चार लहान घ्या. मोठा तुकडा आतपर्यंत वेगाने गोठत नाही, त्याला भेगा पडतात, आणि पुढे त्यातला थोडा भाग कुणाला द्यायचा झाला तर सगळाच बाहेर काढावा लागतो.

आधी नॉर्मल कापा, मग नव्या ब्लेडने आणि दुसऱ्या चिमट्याने गाठ. उलट केलंत तर गाठीच्या पेशी नॉर्मलमध्ये जातात आणि संशोधकाला ‘नॉर्मल’मध्येच कॅन्सरची म्युटेशन सापडतात.

प्रत्येक गोठवायच्या तुकड्याला लागून असलेला आरशातला तुकडा, म्हणजे त्याच कापाची समोरची बाजू, फॉर्मालिनच्या लहान बाटलीत टाका आणि त्याला तोच कोड द्या. व्हायलमध्ये खरंच काय गेलं, ते पुढे यावरूनच कळतं. फॉर्मालिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड. तुकड्याच्या किमान दहापट. मुख्य नमुन्याचंही तेच: बँकेचं काम झालं की तो लगेच काप देऊन फॉर्मालिनमध्ये. स्तनाच्या नमुन्यात गाठ बाहेर आल्यापासून फॉर्मालिनपर्यंत एका तासाच्या आत आणि फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास, ही मर्यादा ईआर, पीआर आणि हर-टूच्या (कोणते उपचार लागू पडतील ते ठरवणाऱ्या) तपासण्यांसाठी पाळावीच लागते. बँकेमुळे ती ओलांडली तर नुकसान रुग्णाचं.

सावधान: पॅथॉलॉजिस्ट हजर नाहीत, फोनवर आहेत आणि ‘घ्या तुम्ही’ म्हणताहेत, तर घेऊ नका. नमुना न घेणं हाही निर्णय आहे. त्याची नोंद कारणासकट करा.

## ६. गोठवणं

रुंद तोंडाच्या ड्युअर पात्रात (थर्मासासारख्या दुहेरी भिंतीच्या भांड्यात) द्रव नायट्रोजन घ्या. स्टीलच्या बीकरमध्ये ५ सेंमी उंचीपर्यंत आयसोपेंटेन घेऊन बीकर त्यात धरा. नायट्रोजनची पातळी बीकरच्या ओठाखाली राहू द्या. आयसोपेंटेन उणे १६० अंशांना गोठतं. बीकरच्या तळाशी आणि कडेला पांढरा थर धरायला लागला की ते तयार झालं. सगळंच घट्ट झालं तर बीकर वर उचलून थोडं वितळू द्या.

तुकडा थेट नायट्रोजनमध्ये का टाकायचा नाही, हे दर नवीन तंत्रज्ञ विचारतो. नायट्रोजन उणे १९६ अंशांचा, म्हणजे जास्त थंड. पण तो उष्ण तुकड्याला लागताच उकळतो, तुकड्याभोवती वायूचं वेष्टन तयार होतं आणि गोठणं उलट मंदावतं. आयसोपेंटेन त्या तापमानाला उकळत नाही, सगळीकडून सारखं लागतं.

1. गॉझवर टेकवून तुकड्यावरचं पाणी टिपा. पाण्याचा थर राहिला तर तिथे स्फटिक होतात.
2. चिमट्याचं टोक आणि व्हायल आधी थंड करा.
3. तुकडा आयसोपेंटेनमध्ये सोडा. लहान तुकडा अर्ध्या मिनिटात पांढरा, कडक होतो. गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवला तर तडकतो.
4. थंड व्हायलमध्ये टाका, झाकण घट्ट करा, ड्राय आइसवर (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडवर) ठेवा.
5. चौथी वेळ लिहा.

एक तुकडा ओसीटीत गोठवा, त्याचे काप घेता येतात. बाकीचे ओसीटीशिवाय ठेवा, कारण ओसीटीतले पॉलिमर प्रथिनांच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीत (वस्तुमानावरून रेणू ओळखण्याच्या तपासणीत) अडथळा आणतात. हाताशी नायट्रोजन नसेल तर एखादा तुकडा आरएनएलेटरमध्ये (आरएनए टिकवणाऱ्या द्रवात) ठेवता येतो: तुकड्याची किमान एक बाजू ०.५ सेंमीपेक्षा कमी, द्रव पाचपट, रात्रभर ४ अंशांना, मग द्रव काढून उणे ८० ला.

सावधान: आयसोपेंटेन २८ अंशांना उकळतं आणि चटकन पेट घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली उघडताच ते वाफ होऊन पसरतं. काम फ्यूम हूडमध्येच (वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), आसपास बर्नर नाही, आणि उरलेलं आयसोपेंटेन साध्या घरगुती फ्रीजमध्ये ठेवायचं नाही.

## ७. रक्त

भूल देण्याआधी घ्या. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या टोपणाची नळी हलकेच ८ ते १० वेळा उलटी-सुलटी करा. जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि प्लाझ्मा गुलाबी येतो. दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवा: १५०० जी (गुरुत्वाच्या १५०० पट जोर), १० मिनिटं.

इथली हमखास चूक म्हणजे ‘१५०० जी’ वाचून यंत्रावर १५०० आरपीएम लावणं. जी किती मिळतो हे रोटरच्या त्रिज्येवर अवलंबून असतं. सूत्र: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंमी) × आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १६ सेंमी असेल तर १५०० जीसाठी सुमारे २९०० आरपीएम लागतात. आपल्या यंत्राचा आकडा काढून झाकणावर चिकटवून ठेवा.

वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या अर्धा सेंमी वर थांबा. मग तो पांढरा थर वेगळ्या व्हायलमध्ये घ्या, जन्मजात डीएनए त्यातूनच मिळतो. सीरमसाठीची नळी उभी ठेवून किमान अर्धा तास गोठू द्या. सगळं अर्ध्या-अर्ध्या मिलिच्या भागांत.

## ८. टाकी आणि फ्रीझर

उणे ८० अंशांचा फ्रीझर रोजच्या कामाला चालतो. दीर्घकाळासाठी नायट्रोजनच्या वाफेत, उणे १५० च्या खाली. व्हायल द्रवात बुडवून ठेवू नका. झाकणाच्या फटीतून द्रव आत शिरला की बाहेर काढताच त्याचा वायू होतो आणि व्हायल फुटते. काच किंवा प्लास्टिकचे तुकडे डोळ्यांत जाण्याचे अपघात असेच होतात.

एका रुग्णाच्या व्हायल दोन ठिकाणी विभागून ठेवा. जागा आधी सॉफ्टवेअरमध्ये आरक्षित करा, मग व्हायल ठेवा. उलट क्रमाने केलं की ‘नंतर नोंदवतो’ म्हणून व्हायल बेवारस होतात. रॅक बाहेर काढल्यावर मिनिटाभरात परत. शोधाशोध करायची असेल तर डबा ड्राय आइसवर उतरवून.

नायट्रोजनची पातळी ठरल्या वारी मोजा, भरीव लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने. पोकळ नळी बुडवली तर वरच्या तोंडातून द्रव कारंज्यासारखा उडतो.

१ लिटर द्रव नायट्रोजनचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. त्याला वास नाही, रंग नाही. खोलीत ऑक्सिजनचा मापक लावा, तो १९.५ टक्क्यांच्या खाली वाजला पाहिजे. कुणी आत पडलेलं दिसलं तर मागोमाग धावत आत जाऊ नका. दार उघडा, मदत बोलवा. ड्युअर लिफ्टने न्यायचं तर ते एकटंच जाईल: एक जण वरच्या मजल्यावर थांबेल, एक जण खालून पाठवेल, मधल्या मजल्यावर कुणी चढू नये म्हणून ड्युअरवर पाटी. लिफ्टमन असेल तर त्यालाही बाहेर उभं करा. डोळ्यांवर ढाल, सैल क्रायो-हातमोजे, बंद बूट, आणि पँट बुटांच्या बाहेर.

फ्रीझरसाठी एक रिकामा, चालू स्थितीतला फ्रीझर राखून ठेवा. त्यात तात्पुरतं म्हणून काही ठेवायला सुरुवात झाली की तो राखीव राहिला नाही. जनरेटर नुसता सुरू होतो का हे पाहू नका, फ्रीझरचा भार घेऊन चालतो का ते पाहा. पावसाळ्यात वीज गेली तर पहिलं काम म्हणजे दार न उघडणं. अलार्म कुणाच्या मोबाइलवर येतो, ती माणसं अजून नोकरीत आहेत का, हे दर महिन्याला अलार्म मुद्दाम वाजवून बघा.

## ९. नोंदी

कोड आणि रुग्णाची ओळख जोडणारी यादी वेगळी, कुलूपबंद, दोघांच्याच हाती. नमुन्याच्या नोंदीत चार वेळा, गोठवण्याची पद्धत, साठवणीचं तापमान आणि प्रत्येक वेळी बाहेर काढल्याची तारीख हवी. यासाठी स्प्रेक नावाचा प्रमाणित कोड आहे. तो सुरुवातीपासून लावला तर दुसऱ्या बँकेच्या नमुन्यांशी तुलना करता येते.

रुग्णाने संमती मागे घेतली तर काय करायचं, याचा एक पानी क्रम आधीच लिहून ठेवा: कोड शोधणं, व्हायल काढणं, पिवळ्या पिशवीतून नष्ट करणं, संशोधकांना कळवणं, रुग्णाला लेखी उत्तर.

## १०. मालाची खात्री

आरशातल्या तुकड्याची एच अँड ई (नेहमीच्या पद्धतीने रंगवलेली) स्लाइड तयार झाली की पॅथॉलॉजिस्ट गाठीच्या पेशींच्या केंद्रकांचं प्रमाण, कुजलेला भाग आणि दाह किती, ते टक्क्यांत लिहितात. केंद्रकं ६० टक्के किंवा जास्त आणि कुजलेला भाग २० टक्क्यांपेक्षा कमी, ही टीसीजीए (द कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस) प्रकल्पाने वापरलेली मर्यादा धरायला हरकत नाही. त्याखालचा नमुना बाद नाही, पण त्याचा आकडा नोंदीत हवा.

दरवर्षी काही जुने नमुने काढून आरएनए तपासा. आरआयएन (आरएनए किती शाबूत आहे, याचा १ ते १० मधला आकडा) ७ च्या वर असेल तर ठीक. कमी आला तर आधी त्याच नमुन्याच्या नोंदवलेल्या चारही वेळा बघा, फ्रीझरच्या मेकॅनिकला फोन नंतर.

मोजदाद दोन्ही बाजूंनी करा. संगणकातून वीस जागा निवडून टाकीत जाऊन बघा, आणि टाकीतून वीस व्हायल निवडून संगणकात शोधा. पहिल्या पद्धतीत हरवलेल्या व्हायल सापडतात, बेवारस व्हायल फक्त दुसरीत.

## ११. नमुना बाहेर देताना

समितीची मंजुरी, नमुना हस्तांतर करार, आणि संमतीपत्रातले पर्याय, तिन्ही जुळले तरच व्हायल बाहेर. परदेशी संशोधकांबरोबर काम असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा टप्पाही असतो. पूर्ण तुकडा देऊन टाकू नका. किमान एक व्हायल बँकेत राहू द्या.

पाठवताना व्हायल गळतीरोधक डब्यात, त्याभोवती शोषक कागद, मग दुसरा डबा, मग थर्माकोलचा खोका आणि ड्राय आइस. खोक्यावर यूएन ३३७३ (जैविक नमुना) आणि यूएन १८४५ (ड्राय आइस) या दोन्ही पाट्या, दुसरीवर ड्राय आइसचं वजन किलोत. थर्माकोलचं झाकण टेपने हवाबंद करू नका, ड्राय आइसचा वायू बाहेर पडायला वाट लागते, नाहीतर खोका फुटतो. प्रवासाला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट पुरेल एवढा ड्राय आइस भरा, आत तापमान नोंदवणारं यंत्र ठेवा. पार्सल सोमवारी किंवा मंगळवारी निघू द्या. शुक्रवारी निघालेलं पार्सल शनिवार-रविवार कुठल्या गोदामात पडून राहील, ते कुरियरवालाही सांगू शकत नाही. समोरच्याने खोका उघडताक्षणी उरलेल्या ड्राय आइसचा फोटो आणि यंत्रातली नोंद मागवून घ्या, आणि ती त्या व्हायलच्या नोंदीला जोडून ठेवा.